इंग्रजी वाक्य आणि मराठी वळण

माध्यमिक शिक्षक, शिक्षण विस्तार अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्या तालुका पातळीवरील बैठकीत एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



शालान्त परीक्षेच्या इंग्रजी उत्तरपत्रिकेत वाक्यरचनेच्या ज्या चुका वर्षानुवर्षे आढळतात त्यांविषयी मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. मी इंग्रजीचा अध्यापक नव्हे. तथापि मराठी टिपणे इंग्रजीत आणि इंग्रजी टिपणे मराठीत करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे, या दोन भाषांची वाक्ये कोठे जुळतात आणि कोठे एकमेकींना अडखळवतात हे न्याहाळण्याची सवय मला जडली आहे. त्या सवयीच्या आधारेच मी बोलणार आहे.

आपल्या राज्यात २००० सालापासून सर्व शाळांतून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यापूर्वीच्या पिढीतील बहुतेकांनी मराठी शाळेत पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरविली. दहावीपर्यंतची वर्षे सहावरून दहावर गेली. शब्दसंग्रह वाढला, उच्चाराचा संकोच काहीसा कमी झाला. वाक्यातील चुका मात्र बऱ्याच अंशी त्याच राहिल्या. असे का व्हावे? मुले निष्काळजी आहेत, हे उत्तर सोपे आहे. पण ते मला पटत नाही. निष्काळजीपणाच्या चुका प्रत्येकाच्या निराळ्या असतात. येथे तर कोकणातला मुलगा, मराठवाड्यातली मुलगी आणि विदर्भातला विद्यार्थी नेमके तेच वाक्य तशाच रीतीने चुकवितात. याचा अर्थ त्या चुकांमागे नियम आहे, आणि तो नियम मराठीचा आहे. मूल इंग्रजी शब्द वापरते, पण वाक्य मराठी व्याकरणाने बांधते. हे ध्यानात आले म्हणजे चूक सुधारण्याची रीतही सापडते.

उदाहरणादाखल परीक्षेत नेहमी येणारा पत्रलेखनाचा प्रश्न घेऊ. गावातील पथदिवे बंद आहेत, सरपंचांना पत्र लिहा. मुलगा लिहितो, ‘द स्ट्रीट लाइट्स इन अवर वॉर्ड इज नॉट वर्किंग सिन्स टू मन्थ्स.’ सरपंचांना अर्थ कळेल. तपासनीस मात्र दोन ठिकाणी तांबडी शाई वापरील. या दोन्ही ठिकाणी मुलाने काय विचार केला असेल, तो पाहू.

पहिली चूक ‘इज’ची. दिवे अनेक आहेत हे मुलाला ठाऊक नाही काय? ठाऊक आहे. पण ‘आमच्या वॉर्डातील दिवे बंद आहेत’ या मराठी वाक्यात ‘दिवे’ हा मुख्य शब्द क्रियापदाच्या बाजूस येतो. ‘आमच्या वॉर्डातील’ ही पुस्ती त्याच्या आधी येऊन गेलेली असते. इंग्रजीत क्रम उलटा आहे. मुख्य शब्द ‘लाइट्स’ पुढे निघून जातो, त्याच्यामागून ‘इन अवर वॉर्ड’ ही पुस्ती येते, आणि क्रियापदाला शेजारी मिळतो तो एकवचनी ‘वॉर्ड’. मराठीच्या सवयीने मुलगा शेजाऱ्याकडे पाहून क्रियापद ठरवितो. ‘द लिस्ट ऑफ बेनिफिशिअरीज आर रेडी’ असे लिहिणाऱ्या मुलीचेही तेच होते. ‘लाभार्थ्यांची यादी तयार आहे’ असे म्हणताना ती कधीही चुकणार नाही, कारण तेथे ‘यादी’ क्रियापदाजवळ उभी आहे. ‘वन ऑफ द बॉईज आर’ ही चूकही याच घरातली. म्हणून ‘कर्ता व क्रियापद यांचे वचन जुळवा’ एवढाच नियम फळ्यावर लिहून भागत नाही. मुलांना सांगावे की, ‘ऑफ’, ‘इन’, ‘फ्रॉम’, ‘विथ’ असा शब्द आला की त्याच्यामागचा भाग बोटाने झाकावा आणि झाकण्यापूर्वीचा शब्द पाहून क्रियापद लिहावे. बोट ठेवण्याची ही युक्ती बाळबोध वाटेल; पण परीक्षेच्या घाईत बाळबोध युक्त्याच हाताशी येतात.

कर्ता आणि क्रियापद यांच्या बाबतीत आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. मराठीत क्रियापद नेहमी कर्त्याच्याच आज्ञेत असते असे नाही. ‘राम पुस्तक वाचतो’ हा कर्तरी प्रयोग. परंतु ‘रामाने पुस्तक वाचले’, ‘रामाने पोथी वाचली’, ‘रामाने पुस्तके वाचली’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे फिरते. आपल्या मुलाच्या कानाला भूतकाळात क्रियापदाने कर्माकडे पाहण्याची सवय आहे. इंग्रजीत ती मुभा मुळीच नाही. मराठीच्या तासाला प्रयोग शिकविले जातात आणि इंग्रजीच्या तासाला कर्ता-क्रियापद. पण हे दोन तास एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलू लागले, तर एका दिवसाचे काम अर्ध्या तासात होईल असे मला वाटते.

तृतीयपुरुषी एकवचनातील ‘स्’विषयी थोडक्यात सांगतो. ‘ही गो टु स्कूल’ ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि तीवर सर्वांत जास्त रागावले जाते. मराठीत जातो, जातोस, जाता, जातात अशी रूपे बदलत राहतात. इंग्रजीत वर्तमानकाळी बहुतेक ठिकाणी ‘गो’च राहतो आणि एका ठिकाणी तेवढा ‘गोज’ होतो, म्हणून तो निसटतो. ‘बॉय गोज’, ‘बॉईज गो’: कर्ता आणि क्रियापद या दोघांत मिळून एकच ‘स्’, एवढे खूणगाठीस पुरेसे आहे. अपवाद आहेत, ते मागाहून शिकविता येतील.

आता पत्रातील दुसऱ्या चुकीकडे, ‘सिन्स टू मन्थ्स’कडे, वळू. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन महिन्यांपासून’ही म्हणतो. मराठीतील ‘पासून’ आरंभही दाखवितो आणि अवधीही. इंग्रजीने ही दोन कामे दोघांकडे वाटून दिली आहेत: आरंभाचा क्षण ‘सिन्स’कडे, अवधी ‘फॉर’कडे. ओळखायचे कसे? मराठीतच ‘झाले’ लावून पाहावे. ‘दोन महिने झाले, दिवे बंद आहेत’ असे म्हणता येते, तेथे ‘फॉर’. ‘सोमवार झाले, दिवे बंद आहेत’ असे कोणी म्हणत नाही, तेथे ‘सिन्स’. शिवाय मराठीत ‘बंद आहेत’ हा साधा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत मागे सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीला ‘हॅव’ची जोड लागते. तेव्हा पत्रातील वाक्य असे होईल: ‘द स्ट्रीट लाइट्स इन अवर वॉर्ड हॅव नॉट बीन वर्किंग फॉर टू मन्थ्स.’

काळांच्या बाबतीत ‘हॅड’ हा शब्द आपल्याकडे फार उधळला जातो. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे अस्सल मराठी वाक्य आहे. जाऊन परत आलो, एवढा अर्थ त्यातील ‘होतो’ सुचवितो. मुलगा त्याचे शब्दशः ‘आय हॅड गॉन टु पुणे येस्टर्डे’ असे करतो. इंग्रजीतील ‘हॅड’ला मात्र भूतकाळातील दोन घटना लागतात, आणि त्यांपैकी आधी घडलेलीलाच तो शोभतो: ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ आपण पोहोचलो ही नंतरची घटना, बस सुटली ही आधीची. घटना एकच असेल तर ‘आय वेन्ट टु पुणे येस्टर्डे’ पुरे.

नकार आणि प्रश्न यांच्या वेळी भूतकाळाचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. ‘तो गेला’, ‘तो गेला नाही’, ‘तो गेला का?’ अशा तिन्ही वाक्यांत मराठी ‘गेला’ला हात लावीत नाही. म्हणून ‘ही डिड नॉट वेन्ट’ हे वाक्य मुलाच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध असते. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे एकानेच वाहावयाचे असते. ते एकदा ‘डिड’च्या डोक्यावर दिले की ‘गो’ रिकाम्या हाताने चालू लागतो: ‘ही डिड नॉट गो.’

आता ज्या चुकीमुळे अर्थाचाच अनर्थ होतो तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. मराठीत ‘ऊन’ आणि ‘ताना’ लावून केलेल्या धातुसाधितांवर आपले वाक्य मोठ्या डौलाने चालते. ‘घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून तो निजला’ यात पूर्ण क्रियापद एकच. ‘शेतात जाताना साप दिसला’ हेही निर्दोष वाक्य आहे, कारण जाणारा ‘मी’ आहे हे सांगण्याची गरज मराठीला भासत नाही. विद्यार्थी लिहितो, ‘व्हाइल गोइंग टु द फील्ड, अ स्नेक वॉज सीन.’ इंग्रजी व्याकरणाप्रमाणे येथे शेतात निघालेला आहे तो साप! कारण इंग्रजीत अशा तुकड्याचा कर्ता आणि पुढील मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा लागतो. ‘व्हाइल आय वॉज गोइंग टु द फील्ड, आय सॉ अ स्नेक’ असे लिहिले की साप आपल्या जागी राहतो. वर्गात अशी दोन-चार वाक्ये सांगून मुलांना हसू द्यावे. जे वाक्य ऐकून मूल एकदा हसले, ते वाक्य ते सहसा पुन्हा लिहीत नाही.

याच्या शेजारची चूक विरामचिन्हांची आहे. ‘पाऊस आला, आम्ही धावलो, छत्री कोणाजवळच नव्हती’ अशी स्वल्पविरामांनी ओवलेली वाक्ये मराठीत खपून जातात. मोडीतील जुने कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, पूर्वी आपले लेखन विरामचिन्हांवाचूनच चालत असे. ती चिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने इंग्रजीकडून मराठीत आली. ज्या भाषेकडून आपण ती घेतली तिच्यात स्वल्पविरामाचा अधिकार मर्यादित आहे. दोन स्वतंत्र वाक्यांमध्ये पूर्णविराम तरी हवा, नाही तर ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ यांसारखे अव्यय तरी हवे. परीक्षार्थी मुलांना माझे सांगणे असे की, शंका आली तर पूर्णविराम द्यावा. लहान वाक्य लिहिणे म्हणजे कमी शिकलेले असणे, ही समजूत आपल्याकडे विनाकारण रूढ झाली आहे. आम्ही सरकारी नोकरांनी लांबलचक पत्रे लिहून ती वाढविण्यास हातभार लावला आहे, हे येथील अधिकारी मंडळींनी मनावर घ्यावे!

उभयान्वयी अव्ययांत मराठीला जोडीची हौस आहे. जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. इंग्रजी पुष्कळदा एकावरच भागविते. ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही केम’ यातील ‘बट’ हा आपला ‘तरी’ आहे, तो वगळावा. ‘जर’च्या वाक्यात मात्र मराठी आपल्याला वाचवू शकते. मुले ‘इफ इट विल रेन, वी विल नॉट प्ले’ असे लिहितात. पण मराठीत आपण काय म्हणतो? ‘पाऊस पडला तर आम्ही खेळणार नाही.’ येथे पावसाला भविष्यकाळ आपणही लावीत नाही. इंग्रजीही लावीत नाही: ‘इफ इट रेन्स.’ मुलाने आपल्या मातृभाषेचा कान शाबूत ठेवला असता तर ही चूक झाली नसती. अनेकवचनाचेही तसेच. ‘इन्फर्मेशन्स’ असा शब्द उत्तरपत्रिकांतून आढळतो. आमच्या खात्याचा तर तो रोजचा शब्द, म्हणून तो मला अधिक बोचतो. मराठीत ‘माहित्या’ असे कोणी म्हणते काय? म्हणजे मराठीमुळे चुका होतात तशा मराठीमुळे त्या टळतातही. कोणत्या ठिकाणी तिचे ऐकावे आणि कोणत्या ठिकाणी ऐकू नये एवढे दाखवून देणारा शिक्षक हवा.

देवनागरीचा असाच एक उपयोग सांगतो. ‘अ’ लिहावे की ‘ॲन’, याबाबत मुले इंग्रजी अक्षरे पाहतात आणि फसतात. नियम उच्चाराचा आहे आणि उच्चार दाखविण्यास आपली लिपी अधिक प्रामाणिक आहे. शब्द मनात देवनागरीत लिहावा. ‘अवर’, म्हणजे तास, हा ‘अ’ या स्वराने सुरू होतो. म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’चे पहिले अक्षर ‘यु’, म्हणजे व्यंजन. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-डे मॅच’पूर्वी ‘अ’, ‘एमएलए’पूर्वी ‘ॲन’. ‘द’चा प्रश्न याहून बिकट आहे. तूर्त एवढे पुरे की, मराठीत ‘एक’ किंवा ‘एखादा’ बसत असेल तेथे, वस्तू मोजता येण्याजोगी असल्यास, ‘अ’ किंवा ‘ॲन’. आधी उल्लेख होऊन गेल्यामुळे ‘तो’, ‘ती’, ‘ते’ बसत असेल तेथे ‘द’. गावांच्या नावांपूर्वी ‘द’ नको, नद्यांच्या नावांपूर्वी हवा: ‘नाशिक’, पण ‘द गोदावरी’.

शब्दयोगी अव्ययांच्या वाटेला मी फारसा जात नाही. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ आणि ‘मला समजावून सांगा’ म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ असे होते. पहिल्यात ‘अबाउट’ नको, दुसऱ्यात ‘टु’ हवे. येथे तर्क चालत नाही. क्रियापद आणि त्याचे अव्यय यांची जोडीने उजळणी करणे, एवढाच मार्ग मला दिसतो.

वृत्तान्तलेखन हा प्रश्नपत्रिकेतील भाग आमच्या व्यवसायाच्या अगदी जवळचा. ‘सरपंच म्हणाले की, आम्ही यंदा विहीर खोदू’ या मराठी वाक्यात ‘की’च्या पुढे बोलणाऱ्याचे मूळ शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, ‘आम्ही’ म्हणजे सरपंच व त्यांचे सहकारी, याविषयी कोणालाही संशय येत नाही. विद्यार्थी लिहितो, ‘द सरपंच सेड दॅट वी विल डिग अ वेल.’ इंग्रजीत या ‘वी’चा अर्थ वृत्तान्त लिहिणारा आणि त्याची मंडळी असा होतो, आणि विहीर खोदण्याची जबाबदारी बातमीदारावर येऊन पडते! एक तर अवतरणचिन्हे घालून मूळ शब्द ठेवावेत, नाही तर ‘दे वुड डिग अ वेल’ असे पुरुष व काळ बदलून लिहावे. अप्रत्यक्ष प्रश्नाचीही हीच गत. ‘कार्यालय कोठे आहे?’ आणि ‘कार्यालय कोठे आहे हे मला ठाऊक नाही’ यांत मराठीतील शब्दक्रम बदलत नाही. इंग्रजीत ‘व्हेअर इज द ऑफिस?’ हा प्रश्न. पण तो मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की, ‘आय डु नॉट नो व्हेअर द ऑफिस इज.’ पोटात गेलेला प्रश्न प्रश्नासारखा वागत नाही, असे मुलांना सांगावे.

मित्रहो, या साऱ्या तपशिलाचा खटाटोप कशासाठी, असे पंचायतीच्या सदस्यांना वाटत असेल. कारण असे आहे. ज्या मुलाची वही दर आठवड्यास लाल रेघांनी भरून येते आणि चूक कशामुळे झाली हे ज्याला कोणी सांगत नाही, तो मुलगा स्वतःचे वाक्य लिहिणे सोडून देतो. तो मार्गदर्शकातील निबंध पाठ करतो. परीक्षेत विषय थोडा बदलला, पावसाळ्यातील एका दिवसाऐवजी पुरातील एका दिवसाविषयी विचारले, की त्याची लेखणी थांबते. शहरातील सुखवस्तू घरच्या मुलाला घरी सुधारून देणारे कोणी तरी असते. आपल्या तालुक्यातील पुष्कळ घरांत इंग्रजी लिहिणारी ही पहिलीच पिढी आहे. पुढे स्पर्धा परीक्षेला, बँकेच्या नोकरीला, महाविद्यालयातील शास्त्र शाखेला हाच मुलगा जाणार असतो, आणि गणितात तो कोणाला हार जात नसतानाही इंग्रजीच्या भयाने मागे राहतो. ही हानी मला उत्तरपत्रिकेतील दोन-चार गुणांपेक्षा मोठी वाटते.

म्हणून शिक्षकांना दोन विनंत्या आहेत. एका वेळी सर्व चुकांवर शाई ओतू नये. या आठवड्यात फक्त कर्ता-क्रियापद तपासावे, पुढच्या आठवड्यात फक्त काळ. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात आवरावा. दुसरी गोष्ट, इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे हा अपराध मानू नये. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घेऊन आपल्या वाडवडिलांनी मराठी वाक्यासमोर इंग्रजी वाक्य ठेवीतच ही भाषा आत्मसात केली. ती पद्धत आज जुनी मानली जाते आणि संभाषणाच्या दृष्टीने ती अपुरीही आहे. परंतु वाक्यरचनेपुरते तिच्यातील शहाणपण टाकून देण्याजोगे नाही. परीक्षेच्या दिवसासाठी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे की, शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळात उत्तरपत्रिका अर्थासाठी न वाचता, एकदा फक्त क्रियापदांवर बोट ठेवीत वाचावी आणि दुसऱ्यांदा फक्त पूर्णविराम पाहत वाचावी. अर्थाच्या ओघात वाचले की डोळा चुकीवरून घसरतो.

आणि पंचायतींना एक सूचना. आपल्या गावातील आठवी ते दहावीच्या मुलांना पाठ्यपुस्तकातील काल्पनिक नगरपालिकेला पत्रे लिहावयास लावण्यापेक्षा आपल्यालाच लिहू द्या. बंद दिवा, फुटलेला नळ, वाचनालयाची वेळ, शाळेसमोरील गटार, विषयांना तोटा नाही. शिक्षकांनी ती वाक्ये वर आलेल्या रीतीने तपासावीत आणि मग महिन्यातून एकदा पत्रे पंचायतीकडे पाठवावीत. पत्र खरोखरच कोणी वाचणार आहे हे कळले की, मूल ‘इज’ आणि ‘आर’ यांकडे निराळ्या नजरेने पाहते. ग्रामसेवकांनी त्यांची रीतसर आवक नोंद करावी आणि प्रत्येक पत्राला लेखी उत्तर द्यावे. उत्तर इंग्रजीत देण्याचा आग्रह नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये आपली राजभाषा मराठीच आहे, तेव्हा ते खुशाल मराठीत द्यावे. दिव्यासंबंधीच्या पत्राला मात्र दिवा लावून उत्तर दिलेले बरे.

आता आपल्या शंका असतील त्या विचाराव्यात. वर्गातील प्रत्यक्ष वाक्ये कोणी टिपून आणली असतील तर आपण ती फळ्यावर घेऊ.